कुंजपुरा, १७६०: पानिपतच्या आधी जिंकलेल्या लढाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जानेवारीत पानिपतचा विषय निघतो आणि चर्चा त्याच त्या वळणांनी जाते: गोल (बायकापोरं आणि बुणगे मध्ये ठेवून चौफेर फौज अशी रचना) करायला हवा होता का, मल्हारराव आधी का निघाले, विश्वासरावांना गोळी कुठून लागली. त्याच्या तीन महिने आधी मराठ्यांनी याच फौजेनिशी, याच मोहिमेत, अफगाण बादशहा अब्दालीच्या माणसांना एका किल्ल्यात गाठून धूळ चारली होती, हे मात्र बोलण्यात क्वचित येतं. आपल्या भाषेत "पानिपत झालं" हा वाक्प्रचार रूढ आहे. "कुंजपुरा झाला" असं कुणी म्हणत नाही. त्या लढाईबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

कुंजपुरा नेमका कुठे आहे?

हरियाणात, कर्नाल शहराच्या ईशान्येला साधारण दहा किलोमीटरवर. यमुना तिथून जवळ आहे. दिल्लीहून अंबाल्याकडे जाणाऱ्या जुन्या बादशाही रस्त्यावर आधी पानिपत लागतं, मग कर्नाल, मग तरावडी, आणि पुढे कुरुक्षेत्राकडे फाटा फुटतो. नकाशा उघडूनच बघा, कारण पुढचं सगळं रामायण भूगोलाचं आहे. हा पट्टा इतका अरुंद आहे की ११९१ आणि ११९२ च्या तराईच्या (म्हणजे याच तरावडीच्या) लढाया, १७३९ ची नादिरशहाची कर्नालची लढाई आणि पानिपतच्या तिन्ही लढाया यातच बसतात. वायव्येकडून येणाऱ्याला दिल्ली गाठायची तर इथूनच यावं लागतं.

लढाई कधी झाली? दसऱ्याला म्हणतात ते खरं का?

१७ ऑक्टोबर १७६०. नवरात्र संपत आलं होतं. दसरा दोन दिवसांनी, १९ तारखेला आला आणि तो जिंकलेल्या कुंजपुऱ्यातच साजरा झाला. दोन्ही गोष्टी आठवणीत एकमेकींत मिसळल्या, म्हणून "दसऱ्याची लढाई" असं काही जण म्हणतात.

भाऊसाहेब दिल्ली सोडून तिकडे गेलेच कशाला?

उत्तर पोटात आहे, शब्दशः.

३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरला निजामाला नमवून मराठा फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ १४ मार्चला पडदूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून, उत्तरेकडे निघाले. बरोबर पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव, इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी, जड तोफा, आणि लढणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त न लढणारी माणसं: बायकापोरं, कारकून, बाजारबुणगे, आणि फौजेच्या सोबतीने काशी-प्रयाग-कुरुक्षेत्र होईल या आशेने निघालेले यात्रेकरू. पावसाळा लवकर सुरू झाला. अब्दाली यमुनेपलीकडे अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात होता, तर इटाव्याकडून नदी उतरून त्याला तिथेच गाठायचं असा भाऊंचा पहिला बेत होता. पेशव्यांचे तिकडचे कारभारी गोविंदपंत बुंदेल्यांना नावा जमवा म्हणून पत्रांवर पत्रं गेली. नावा पुरेशा जमल्या नाहीत आणि नदी फुगली. मग दिल्ली घेतली. ऑगस्टच्या सुरुवातीला लाल किल्ला हाती आला.

पण दिल्लीत घ्यायला उरलं होतं काय? वर्षानुवर्षांच्या लुटीने शहर खंगलेलं. खजिना रिकामा, वैरण नाही, आसपासच्या मुलखातून वसूल यायची सोय नाही. दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून वितळवली, त्याचे सुमारे नऊ लाख रुपये झाले आणि ते महिन्याभराच्या खर्चाला जेमतेम पुरले. भरतपूरचा राजा सूरजमल जाट सोबत होता, तोही रागावून निघून गेला. अवधचा नवाब शुजाउद्दौला जुलैमध्येच अब्दालीला मिळाला होता. माणसं उसनवारीवर आणि घोडी निम्म्या चाऱ्यावर, अशी ऑगस्ट-सप्टेंबरची छावणी डोळ्यांसमोर आणा.

अशा वेळी बातमी होती की उत्तरेला कुंजपुऱ्यात अब्दालीसाठी दाणागोटा भरून ठेवला आहे, पैसा आहे, आणि त्याचे दोन मोठे सरदार पूर ओसरायची वाट बघत तिथे थांबले आहेत. नदी उतरली की ते रसद घेऊन अब्दालीला मिळणार. म्हणजे एका घावात तीन गोष्टी साधत होत्या: आपलं पोट भरायचं, शत्रूचं रिकामं ठेवायचं, आणि त्याची फौज एकत्र होण्याआधी तिचा एक तुकडा मोडायचा. हा बेत मला आजही चोख वाटतो. पानिपतचा शेवट ठाऊक असल्यामुळे आपण मागे जाऊन भाऊंच्या प्रत्येक पावलात चूक शोधतो. हे पाऊल चुकीचं नव्हतं.

निघण्याआधी, १० ऑक्टोबरच्या सुमारास, दिल्लीत बादशहा तिसऱ्या शहाजहानला बाजूला करून शहाआलम बादशहा झाल्याची द्वाही फिरवली. शहर नारो शंकरांच्या हवाली केलं. नाशिककरांना हे नाव वेगळं सांगायला नको. पंचवटीतलं घंटेचं देऊळ त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

किल्ल्यात होतं कोण?

तीन नावं लक्षात ठेवा.

नजाबतखान हा कुंजपुऱ्याचा धनी. इथेच स्थायिक झालेला पठाण, अब्दालीच्या बाजूचा.

अब्दुस समद खान हा अब्दालीचा सरहिंदचा सुभेदार. मराठ्यांची आणि त्याची जुनी ओळख. १७५८ च्या मार्चमध्ये राघोबादादांच्या मोहिमेत सरहिंद पडलं तेव्हा तो आपल्या हाती सापडला होता. पुढे सुटला आणि आता पुन्हा समोर उभा.

तिसरा कुत्बशाह. अब्दालीच्या बाजूच्या नजीबखान रोहिल्याचा गुरू. या नावाने शिंद्यांच्या गोटात रक्त का उसळत होतं ते समजायला आणखी नऊ महिने मागे जावं लागतं. १० जानेवारी १७६० ला दिल्लीजवळ बुराडी घाटावर यमुना उतरून आलेल्या अफगाण-रोहिल्यांशी लढताना दत्ताजी शिंदे जखमी होऊन पडले. "क्यों पटेल, और लडोगे?" आणि "बचेंगे तो और भी लडेंगे" हा जो संवाद मराठी घरात लहान मुलालाही पाठ असतो, त्यातला प्रश्न विचारणारा हा कुत्बशाह. त्यानेच दत्ताजींचं शिर कापलं. त्याच लढाईत गोळी लागून जखमी झालेले दत्ताजींचे पुतणे जनकोजी आता भाऊंच्या फौजेत होते. वय सतरा-अठराचं.

शिबंदी सुमारे दहा हजार होती असं सांगतात.

प्रत्यक्ष लढाई कशी झाली?

फार वेळ चालली नाही, आणि त्याचं मोठं श्रेय तोफांना जातं. उत्तरेत मराठा फौज म्हटलं की लोकांना वाटायचं भरधाव घोडदळ, लूट, आणि किल्ल्यासमोर महिनोन् महिने बसून राहणं. इब्राहिमखानाने हे गणितच बदललं. फ्रेंच धर्तीची कवायत शिकलेल्या त्याच्या पलटणी उदगीरला निजामाने सोसल्या होत्या, आता रोहिल्यांची पाळी आली. शत्रूचा काही भाग किल्ल्याबाहेर लढायला उभा होता. शिंदे, होळकर, हुजुरातीच्या (म्हणजे खुद्द पेशव्यांच्या) घोडदळाने तो मागे रेटला, गारद्यांच्या तोफांनी तट फोडला, आणि पळणाऱ्यांच्या पाठोपाठ आपले लोक आत घुसले. एकदा आत शिरल्यावर मग चुकवाचुकवीला जागा नव्हती.

अब्दुस समद खान लढाईत पडला. नजाबतखान जखमी होऊन हाती लागला आणि त्या जखमांनीच गेला. कुत्बशाह जिवंत सापडला. त्याचं शिर उतरवलं गेलं, आणि समद खानाच्या शिरासोबत ते मिरवलं गेलं.

कैदी झालेल्याला असं मारणं योग्य होतं का?

आजच्या मापाने नाही. त्या काळात दोन्ही बाजू हे करत होत्या, आणि शिंद्यांच्या लेखी हा बुराडीचा हिशेब होता. मला फक्त एवढंच सांगायचं आहे की हिशेब तिथे मिटला नाही. डिसेंबरमध्ये अंतर्वेदीत अब्दालीची रसद तोडत फिरणारे गोविंदपंत बुंदेले अचानक छापा पडून मारले गेले, आणि त्यांचं शिर भाऊंच्या छावणीत पाठवण्यात आलं असं सांगतात. पुढे जनकोजी आणि इब्राहिमखान पानिपतावर जिवंत पकडले गेले आणि दोघांनाही ठार केलं गेलं.

लूट किती मिळाली?

पत्रं आणि बखरी यांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. विजयाच्या पत्रात आकडा फुगतो, तशी रीतच आहे. रोख साडेसहा लाखांच्या घरात होती असं सांगितलं जातं. गहू आणि इतर धान्य भरपूर, घोडी, उंट, तोफा. पण दिल्लीत निम्म्या चाऱ्यावर काढलेल्या दिवसांनंतर घोड्यासमोर दाण्याची रास पडणं ही रुपयांहून मोठी गोष्ट होती. घोडं दमात आलं तर फौज दमात येते.

हे सगळं होत असताना अब्दाली काय करत होता?

बघत होता. यमुनेच्या पलीकडच्या काठावर.

कुंजपुऱ्याच्या विजयाचं सगळं मर्म इथे आहे. पावसाळाभर अब्दालीचा तळ आधी गंगेकाठी अनूपशहरला होता, मग तो दिल्लीसमोर सरकला. कुंजपुऱ्यावर चाल होते आहे हे कळूनही त्याला मदत पाठवता आली नाही, कारण मध्ये भरलेली नदी. त्याची माणसं मारली गेली, त्याच्यासाठी साठवलेलं धान्य मराठ्यांच्या घोड्यांनी खाल्लं, आणि तो काही करू शकला नाही. भाऊंच्या फौजेइतकंच यमुनेच्या पाण्यानेही कुंजपुरा जिंकला म्हणायला हरकत नाही.

मग घोडं पेंड कुठे खाल्लं?

पाणी ओसरलं तिथे.

दसरा झाला तो १९ ऑक्टोबरला. मराठा फौज कुंजपुऱ्याच्या परिसरात आणखी काही दिवस रेंगाळली आणि मग कुरुक्षेत्राच्या दिशेने सरकली. इकडे अपमानाने पेटलेला अब्दाली दिल्लीच्या वर, बागपतजवळ, नदीचा उतार, म्हणजे पाण्यातून पलीकडे जाता येईल अशी जागा, शोधत होता. त्याने उपास केला, प्रार्थना केली, बाण सोडून नदीची आळवणी केली अशी कथा आहे. कथा बाजूला ठेवा. २५ ऑक्टोबरपासून त्याची फौज बागपतजवळ यमुनेत उतरू लागली. काही माणसं वाहून गेली. बाकीची दोन-तीन दिवसांत अलीकडे आली. वाटेतली मराठ्यांची लहान ठाणी कापली गेली.

आता नकाशा पुन्हा बघा. बागपत दिल्लीपासून साधारण चाळीस किलोमीटर. कुंजपुरा तिथून शंभराच्या आसपास. अब्दाली उतरला तो बरोबर भाऊ आणि दिल्ली यांच्या मध्ये. तरावडीच्या आसपास ही बातमी पोचली, फौज वळली, आणि ऑक्टोबर संपता संपता पानिपतावर दोन्ही सैन्यं समोरासमोर आली. दोघांचीही तोंडं उलटी: दक्षिणेच्या मराठ्यांची पाठ उत्तरेला, आणि काबूलवाल्याची पाठ दिल्लीला. दोघांनी एकमेकांची घराची वाट अडवली होती. फरक इतकाच की अब्दालीच्या पाठीशी अंतर्वेदी होती, जिथून नजीब आणि शुजा धान्य आणत राहिले. आपल्या पाठीशी होता ओळखीचं कुणी नसलेला मुलूख.

म्हणजे यात्रेच्या नादाने आपण हरलो?

ही फार सोपी पळवाट आहे आणि गेल्या काही वर्षांत ती बरीच चालते आहे. यात्रेकरू होते, कुरुक्षेत्राचं स्नान व्हावं अशी त्यांची इच्छा होती, हे खरं. अठरा वर्षांचे नाना फडणीस स्वतः आई आणि पत्नीला घेऊन याच छावणीत होते. ते जीव वाचवून परतले. आईचा पत्ता पुढे लागला नाही. पण उत्तरेकडे सरकण्यात तीर्थयात्रेपलीकडेही कारणं होती: कुंजपुऱ्यानंतर अब्दालीची मायदेशाची वाट बंद करणं, सरहिंदकडचा मुलूख ताब्यात आणणं, पंजाबातून मदत जुळवणं. पटियाळ्याच्या आलासिंगाने पुढे धान्य पुरवलंही.

बुणगे आणि बायकापोरं ग्वाल्हेर-झाशीकडे किंवा भरतपूरला मागे ठेवावीत, हलक्या घोडदळाने गनिमी काव्याने लढावं, असा सल्ला मल्हारराव होळकर आणि सूरजमलने दिला होता. तो मानला गेला नाही. त्याची किंमत कुंजपुऱ्याला मोजावी लागली नाही, ती पानिपतावर मोजावी लागली. यात्रेकडे बोट दाखवण्यापेक्षा त्या निर्णयाकडे दाखवावं.

यमुनेचे उतार राखायला काय झालं होतं?

हा या पानावरचा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि माझ्या मते भाऊंच्या बचावात इथे फारसं बोलता येत नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात उत्तरेतल्या नद्या उतरतात, हे माहीत नसण्याचं कारण नव्हतं. होळकर आणि शिंदे यांची हयात त्या मुलखात गेलेली. बुराडीला दत्ताजी पडले ते याच नदीच्या उतारावर, याच वर्षी. तरीही दिल्लीपासून कुंजपुऱ्यापर्यंतच्या काठावर ठेवली ती किरकोळ ठाणी. ती पुढे काय चाललं आहे ते सांगू शकली असती, अडवू शकली नसती. जिंकल्याच्या भरात माणूस समोरच्या दरवाजाकडे बघतो, मागच्या खिडकीकडे नाही. आणि कदाचित असंही वाटलं असेल की अब्दाली घरी जायच्या विचारात आहे, मग दिल्लीच्या बाजूला कशाला उतरेल? तो उतरला.

लूट मिळाली होती ना, मग पानिपतावर उपासमार का?

लढणारे पन्नास-साठ हजार धरले तरी खाणारी तोंडं त्याहून कितीतरी जास्त. वर हजारो घोडी, बैल, उंट, हत्ती. असा गोतावळा कितीही मोठं कोठार काही आठवड्यांत फस्त करतो. कुंजपुऱ्याचं धान्य नोव्हेंबरची बेगमी होती, जानेवारीची नव्हे.

नोव्हेंबरात परिस्थिती अजून हातात होती. २२ तारखेला जनकोजींनी अब्दालीच्या वजिराला चांगलंच मागे रेटलं. ७ डिसेंबरच्या चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले आणि भाऊंचा उजवा हात गेला. मग गोविंदपंत गेले आणि रसद पुरती आटली. दिल्लीहून पैसा यायची एकच वाट उरली, तीही चोरवाट.

त्या वाटेवरचा एक प्रसंग मला सगळ्या लढाईपेक्षा जास्त बोचतो. शेवटच्या आठवड्यांत दिल्लीहून काहीशे स्वारांची एक तुकडी प्रत्येकाच्या अंगावर पाचशे-पाचशे रुपये बांधून रात्री निघाली. थंडी, अंधार, सगळ्या छावण्यांच्या शेकोट्या सारख्याच. वाट चुकून हे लोक अब्दालीच्या तळात शिरले. आपल्याच माणसांत आलो असं समजून मराठीत बोलू लागले, आणि त्या बोलण्यानेच ओळखले गेले. शुजाच्या चाकरीत असलेल्या काशीराज या दक्षिणी ब्राह्मणाने पलीकडच्या बाजूने हे सगळं पाहिलं-ऐकलं आणि पुढे फार्सीत लिहून ठेवलं.

कुंजपुऱ्यातले नजाबतखानाचे लोक तर इथलेच. मग ही परकीय आक्रमणाविरुद्धची लढाई कशी?

बरोबर शंका आहे. अब्दाली परका, यात वाद नाही; तो मोहिमेवर यायचा, लुटायचा, परतायचा. समद खान त्याचा नेमलेला माणूस. नजाबतखान इथला. अब्दालीला बोलावून घेणारा नजीब इथलाच, शुजाही इथलाच. आणि आपल्या बाजूला तट फोडणारा इब्राहिमखान गारदी मुसलमान होता, आणि बाजीरावांचे पुत्र समशेरबहाद्दरही याच फौजेत होते. या लढाईला हिंदू-मुसलमान असा सरळ रंग द्यायला गेलं की इब्राहिमखान कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो, म्हणून बरेच जण त्याचा उल्लेख टाळतात. आक्रमण परकीय होतं, त्याला साथ देणारे देशी होते, आणि विरोध करणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांचे होते, इतकं गुंतागुंतीचं वाक्य पोस्टरवर मावत नाही.

उत्तरेतल्या पुष्कळांच्या नजरेत मराठेही बाहेरचेच होते, हेही जाता जाता लक्षात ठेवा. राजपूत दूर राहिले, जाट निघून गेले. चौथाईच्या वसुलीने जे कमावलं होतं ते असं फिटलं.

कुंजपुरा घेतलाच नसता तर पानिपत टळलं असतं का?

नाही वाटत. दिल्लीत बसून राहिले असते तर उपासमार ऑक्टोबरमध्येच आली असती, आणि समद खान रसदीसह अब्दालीला मिळाला असता. कुंजपुरा घेऊन लगेच दिल्लीकडे वळले असते तर? हा प्रश्न जास्त कामाचा आहे. आठ दिवसांचा फरक.

पानिपतची लढाई संक्रांतीला झाली ना?

"संक्रांत कोसळली" हा शब्दप्रयोग मनात इतका घट्ट बसला आहे की हे उत्तर कुणाला आवडत नाही. १४ जानेवारी १७६१ म्हणजे शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. संक्रांत इंग्रजी तारखेत हळूहळू पुढे सरकते. अठराव्या शतकात ती १० जानेवारीच्या आसपास यायची. म्हणजे संक्रांतीला पडले ते बुराडीवर दत्ताजी. पानिपत चार दिवसांनी चुकलं.

विजयाची बातमी पुण्याला कळली का? पेशव्यांनी मदत का पाठवली नाही?

कळली, पण त्यानंतर वाट अडली आणि पत्रं अडकू लागली. नानासाहेब फौज घेऊन निघाले खरे. वाटेत २७ डिसेंबरला पैठणला त्यांचं लग्न झालं. पानिपतच्या खंदकात घोडी मरत होती त्याच दिवसांत. यावर मी काही टीका जोडत नाही, तारखा पुरेशा बोलतात. जानेवारीच्या शेवटी भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, त्यांना सावकारी सांकेतिक भाषेतली ती चिठ्ठी मिळाली: दोन मोत्ये (म्हणजे भाऊ आणि विश्वासराव) गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. २३ जूनला पर्वतीवर ते वारले.

शाळेत कुंजपुरा का शिकवत नाहीत?

एका ओळीत उरकतात. पराभवाच्या गोष्टीत मधला विजय अडचणीचा ठरतो; एक तर तो ऐकणाऱ्याला खोटी आशा दाखवतो, नाही तर "मग हरलो कसे" असा प्रश्न उभा करतो, ज्याचं उत्तर तासाभरात देता येत नाही. शिवाय आपल्याकडे पानिपत म्हणजे अश्रू, आणि अश्रूंच्या पानावर गव्हाची कोठारं शोभत नाहीत.

हरियाणातले रोड मराठे कोण? त्यांचा कुंजपुऱ्याशी संबंध आहे का?

कर्नाल, पानिपत, कुरुक्षेत्र, कैथल या भागातला रोड समाज स्वतःला पानिपतनंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचा वंशज मानतो. अभ्यासकांत यावर एकमत नाही. पण दर १४ जानेवारीला पानिपतच्या काला आंब स्मारकावर जो शौर्यदिन होतो, त्यात महाराष्ट्रातून गेलेल्यांच्या खांद्याला खांदा लावून हे लोक उभे असतात. कुंजपुरा त्यांच्या गावांच्या अगदी शेजारी.

आज कुंजपुऱ्याला जायचं तर कसं, आणि तिथे काय आहे?

दिल्ली-अंबाला रेल्वेमार्गावर कर्नाल स्थानक आहे. रस्त्याने राष्ट्रीय महामार्ग ४४. दिल्लीपासून कर्नाल सुमारे सव्वाशे किलोमीटर, तिथून कुंजपुरा दहा. महाराष्ट्रातले बहुतेक प्रवासी काला आंबला नारळ फोडून परत फिरतात. तिथून पुढे तास-सव्वातासाचा रस्ता आहे. भव्य किल्ला बघायला मिळेल या अपेक्षेने जाऊ नका. नजाबतखानाचा वंश नंतर इंग्रजी अमलातही छोटे नवाब म्हणून टिकला, त्यामुळे जे जुनं उरलं आहे त्यात १७६० चं कोणतं आणि त्यानंतरचं कोणतं हे वेगळं काढणं सोपं नाही. वेळ असेल तर गावातून यमुनेच्या दिशेने जा, शक्यतो ऑक्टोबरात, आणि पाणी किती आहे ते बघा.

बाकी गावाचं नाव आता सैनिकी शाळेमुळे ओळखलं जातं. देशात पहिल्यांदा सैनिकी शाळा निघाल्या त्या १९६१ साली. त्यातली एक कुंजपुऱ्याला, आणि एक साताऱ्याला.